दिवाळीच्या जेवणाचं टेबल: दुसऱ्या दिवशी कचऱ्यात काय जाणार?

अर्धीवाटी
पाडव्याला किंवा भाऊबीजेला सहा-आठ माणसं जेवायला असतील तर टेबल कसं मांडायचं, यासाठी हा धागा. अट एकच. सजावटीतली प्रत्येक वस्तू जेवणानंतर पोटात जाईल, कपाटात परत जाईल किंवा खतात जाईल. चौथी वाट नाही. त्यामुळे थर्माकोल, चमकी (म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा भुगाच), फुलवाले वापरतात तो हिरवा ओला स्पंज आणि वर 'इको' छापलेल्या पण आतून चकाकणाऱ्या कागदी पत्रावळी सुरुवातीलाच बाद.

आधी मापं बघू, कारण बहुतेक सजावटी तिथेच फसतात. सहा खुर्च्यांचं नेहमीचं टेबल ५ बाय ३ फूट असतं. रुंदी ३६ इंच. समोरासमोरच्या दोन पानांना १२-१२ इंच दिले की मध्ये १२ इंचांची पट्टी उरते. त्यातले ८ इंच सजावटीला, उरलेले तांब्या-भांड्याला आणि हात फिरायला. याचा अर्थ पातेली टेबलावर येणार नाहीत, ओट्यावरून किंवा बाजूच्या स्टुलावरून वाढायचं. हे आधी ठरवलं नाही तर आमटीचं पातेलं आलं की फुलं फ्रिजच्या डोक्यावर जातात आणि सजावट फोटोपुरती राहते. उंची १० इंचांच्या आत, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसतो. समई कितीही देखणी असली तरी टेबलावर नको, ज्योत थेट डोळ्यांसमोर येते. तिला कोपऱ्यात पाटावर बसवा.

आता पान. केळीचं अख्खं पान पंगतीत शोभतं, टेबलावर मावत नाही. मोठं पान दांड्यासकट २० ते २४ इंच रुंद भरतं. समोरासमोर दोन मांडली की पट्टी संपली. म्हणून शेंड्याकडचा दीड फूट अखंड ठेवायचा, तो मुळातच निमुळता असतो. उरलेलं पान दांड्याच्या दोन्ही बाजूंनी उभं चिरून १६-१६ इंचांचे तुकडे करायचे. सहा फुटी पानातून एक शेंडा आणि हिशेबाने सहा तुकडे निघतात, पण वाऱ्याने फाटलेले वगळून चारच धरा. सहा माणसांना दोन पानं पुरतात, तिसरं जास्तीचं आणा. चिरताना दांड्याची पाव इंच पट्टी तुकड्याला राहू द्या, नाहीतर शिरांच्या रेषेत पान फाटत जातं. मांडताना ही पट्टी जेवणाऱ्याकडे ठेवा, म्हणजे सांडलेलं पातळ मांडीवर येत नाही.

वाढपी
शेंड्याच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, हे लिहायचं राहिलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. मध्ये भात. ही जुनी मांडणीच अर्धी सजावट आहे. हिरव्या पानावर पांढरी मूद, वर पिवळं वरण, डावीकडे ओल्या नारळाची चटणी आणि डाळिंबाचे दाणे घातलेली कोशिंबीर आली की पानाच्या आत आणखी काही ठेवायला जागाही उरत नाही आणि गरजही. फुलं पानाबाहेर. बाजारच्या झेंडूवर फवारणी झालेली असते, तो अन्नाला लागू देऊ नका.

आमटी, ताक, बासुंदी पानावर नाही. त्यांना वाटी किंवा द्रोण. वरण ओतण्याआधी भाताचं आळं करून घ्यायला पाहुण्यांना सांगावं लागेल, हल्ली सगळ्यांना ते सुचत नाही.

शिळीपोळी
दोन बाळबोध शंका. पानाची कुठली बाजू वर? आणि बाजारातून घडी घालून आणलेलं पान घडीवर हमखास का फाटतं?

वाढपी
गडद, तुकतुकीत बाजू वर. खालच्या बाजूवर पांढुरकी भुकटी असते, ती खाली.

घडीचं कारण शिरा. केळीच्या पानाच्या शिरा दांड्यापासून कडेकडे आडव्या जातात. पान लांबीत दुमडलं, म्हणजे शेंडा देठाकडे आणला, तर घडी बरोबर शिरांना समांतर पडते आणि पान तिथे उकलतं. दांड्यावर दुमडायचं, दोन्ही कडा एकमेकींवर आणायच्या. पान तसं आपसूकच मिटतं. लांब पान न्यायचंच असेल तर मागून दांडा सुरीने तासून पातळ करा आणि सैल गुंडाळी करा. ओल्या पंचात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस टिकतं. कोरडं ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत कडा वळायला लागतात.

पान मंद आचेवर शेकायचं ते फक्त द्रोणाला किंवा वाटीत अस्तर घालायला. चार-पाच इंचांवरून दोन-तीन सेकंद फिरवलं की रंग गडद होतो आणि पान मऊ पडतं. जेवायच्या पानाला शेकू नका, ते लवकर मलूल होतं.

खणकाठ
पानाखाली कापड हवंच. पॉलिश केलेल्या लाकडावर थेट पान ठेवून त्यावर वाफाळता भात वाढला की पॉलिशमध्ये पांढरे डाग उमटतात. जुनी सुती चादर दुहेरी करून घाला.

पण केळीच्या चिकापासून कापड सांभाळा. चिरलेल्या दांड्यातून पाण्यासारखा निघतो, वाळला की तपकिरी होतो आणि धुऊन जात नाही. पानं तीन-चार तास आधी चिरा, बादलीत कापलेली कड खाली करून उभी ठेवा, मग ओल्या फडक्याने कडा पुसा. सुरीला तेलाचं बोट लावलं तर पातं चिकट होत नाही.

मधल्या पट्टीसाठी जुनी नऊवारी किंवा खणाचं कापड छान दिसतं. रुंदी १२ ते १४ इंच, दोन्ही टोकांना ६-७ इंच लोंबेल इतकी लांबी. म्हणजे ५ फुटी टेबलाला ७४ इंच कापड, दुमड धरून ७६. हल्ली खण म्हणून मिळणारं बरंच कापड कृत्रिम धाग्याचं असतं. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देतो, मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. पणत्या ठेवणार असाल तर हा फरक नुसता पर्यावरणाचा राहत नाही, वितळतं कापड कातडीला चिकटतं.

नॅपकिन जुन्या धोतराचे किंवा पंचांचे, १६ बाय १६ इंच. गुंडाळून त्यावर काचेच्या दोन जुन्या बांगड्या सरकवा. बांगडीला तडा गेलेला नाही ना, हे आधी बोट फिरवून नव्हे, उजेडात धरून बघा.

हीरकाडी
केळीचं पान मिळालं नाही तर पळसाची पत्रावळ. पावसाळ्यानंतर पानं मोठी आणि जून असतात, दिवाळीला अगदी योग्य. पळसाला पानं तीन, म्हणजे एका देठावर तीन पानं. एका मध्यम पत्रावळीला सात-आठ पानं लागतात, तेव्हा सहा पत्रावळींना १६ ते २० देठ आणा.

पत्रावळ लावायची रीत: सगळ्यात मोठं पान मध्ये, बाकीची भोवती, प्रत्येक पान शेजारच्यावर निदान दीड इंच चढलेलं. टाचायला बांबूच्या चोया किंवा नारळाच्या झावळीचे हीर, साधारण दोन इंचांचे तुकडे. टाका आत-बाहेर-आत असा घ्यायचा, टोक जेवायच्या बाजूला वर येता कामा नये. पानं ताजी असतानाच लावा, वाळलेली तडकतात. लावून झाल्यावर पाटाखाली वजन ठेवून रात्रभर दाबा. वाळलेल्या पत्रावळी वापरण्याआधी अर्धा तास पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्याखाली ठेवा.

द्रोण गळतो तो पानामुळे नाही, टाचण खाली घेतल्यामुळे. चोय वरच्या कडेपासून अर्ध्या इंचात हवी, आमटीच्या पातळीच्या वर.

कोकणात पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) विऱ्यांच्या, म्हणजे गळलेल्या पानाच्या रुंद देठाच्या, दाबून केलेल्या थाळ्या मिळतात. जाड, तपकिरी, रेषांच्या. गरम पातळ पदार्थाला सगळ्यात भरवशाच्या त्याच, आणि दिसायलाही छान. फक्त चमच्याने खरवडू नका.

खतखड्डा
चकाकणाऱ्या कागदी पत्रावळीची परीक्षा सोपी आहे. तुकडा तासभर गरम पाण्यात बुडवा, मग चोळा. कागदाचा लगदा होतो आणि हातात पातळ पापुद्रा उरतो. तो पापुद्रा म्हणजे प्लास्टिक. रुपेरी असो की हिरव्या पानाचं चित्र छापलेली, उत्तर तेच येतं.

मक्याच्या स्टार्चपासून केलेले पारदर्शक ग्लास आणि चमचे 'कंपोस्ट होणारे' म्हणून विकतात. ते मोठ्या प्रकल्पात, साठच्या घरातल्या तापमानाला कुजतात. बाल्कनीतल्या खताच्या ड्रममध्ये वर्षभराने काढलेत तरी तसेच निघतील.

राहिला कायदा. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर मार्च २०१८च्या अधिसूचनेपासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, काटे-चमचे, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्मही बंद आहे. दुकानात दिसतं म्हणजे चालतं असं नाही.

गेरूकाव
रांगोळीवर कोणी बोललं नाही अजून. दारातली रांगोळी म्हणजे दगडाची पूड, तिच्यातले रंग खाण्याचे नव्हेत. पंखा लावला की ती उडून कोशिंबिरीत बसते. टेबलावर काढायची तर खाण्याच्या वस्तूंचीच काढा.

तांदळाचं पीठ फार बारीक, तेही उडतं. इडलीचा जाड रवा घ्या. सहा जणांच्या टेबलाला तीन-चार वाट्या पुरतात. प्रमाण एका वाटीला दोन चहाचे चमचे रंगाचं घट्ट पाणी. जास्त ओतलंत की गोळे होतात.

पिवळा: अर्धा चमचा हळद दोन चमचे पाण्यात, वर चार थेंब लिंबू. हळदीला चुना किंवा खाण्याचा सोडा लागला की ती लाल होते (जुन्या पद्धतीचं कुंकू असंच करतात), लिंबाने पिवळी राहते.
गुलाबी: कच्चं बीट किसून पिळा. उकळू नका, बिटाचा रंग उष्णतेने विटकरी होतो.
निळा: गोकर्णाची १२-१५ फुलं पाव वाटी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गाळून आटवा. याच पाण्यात लिंबू पिळलं की जांभळा, म्हणजे एका फुलात दोन रंग.
हिरवा: पालक वाटून गाळून. यात मात्र लिंबू चुकूनही नको, रंग मेंदीसारखा मळकट होतो.

रव्याला रंग हाताने चोळा आणि सावलीत पंख्याखाली पाच-सहा तास पसरा. उन्हात बीट आणि हळद दोन्ही उडतात. नीट वाळला नाही तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. भरायला कागदाचा कोन, भोक पाव इंचाचं. चिमटीतूनही सोडता येतो, पण रव्याची बारीक रेघ येत नाही, ठसठशीतच नक्षी निवडा. ठिपक्यांची रांगोळी याच्यात मार खाते.

काढायची कुठे? टेबलावर थेट नको, बाहीने पुसली जाते. मधल्या पट्टीत उलटी ठेवलेली परात, काळी पाटी किंवा लाकडी पाट. आणि जेवणाआधी तासभरच. तांदूळ आहे, मुंग्यांना पत्ता लगेच लागतो.

शिळीपोळी
मग पानाभोवतीची महिरप? ती तर ताटालगतच असते.

गेरूकाव
ती फुलांची करा. पानाच्या फक्त वरच्या कडेला, १६ इंचांत दोन इंची झेंडू आठ बसतात. चारही बाजूंनी करायला गेलात तर एका पानाला पंचवीसच्या वर फुलं जातात आणि हात ठेवायला जागा उरत नाही. दोन झेंडू, एक आंब्याचं पान, पुन्हा दोन झेंडू, असं केलं तर सहाच फुलांत काम होतं.

चुलीमागे
फुलांच्या स्पंजाला पर्याय विचारणार असाल तर तो बाजारातच आहे: केळीचा खुंट. सत्यनारायणाला चार कोपऱ्यांना बांधायला आणतात तोच. चार इंच जाडीची चकती कापा, धुवा, तासभर उलटी ठेवून चीक निथळू द्या. मग पितळी परातीत अर्धा इंच पाणी घालून तीत उभी करा. आधी बांबूच्या काडीने भोक पाडायचं, मग देठ खोचायचा. थेट खोचलात तर शेवंतीचा देठ मोडतो. सहा इंच व्यासाच्या चकतीत २५-३० देठ राहतात. खुंटात पाणी भरपूर असल्याने फुलं दोन दिवस तरतरीत दिसतात, तिसऱ्या दिवशी चकती काळी पडते आणि वास यायला लागतो. तोवर खतात.

सुवासाचं तारतम्य ठेवा. निशिगंध, सोनचाफा, मोगरा जेवणाच्या टेबलावर नकोत, वरण-भाताचा वास त्यांच्यापुढे टिकत नाही. झेंडू, शेवंती, गोकर्ण, जास्वंद चालतात. जास्वंद संध्याकाळी मिटते, तेव्हा ती दुपारच्या जेवणापुरती. कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई दिसायला कितीही छान असोत, विषारी आहेत, अन्नाजवळ अजिबात नकोत. लहान मुलं असतील तर कुंडीतलं डिफेनबेकियाही हलवा.

फुलांपेक्षा भाज्या जास्त कामाच्या, असं स्पष्ट मत आहे. मधल्या आठ इंचांत काटेरी देठाची छोटी वांगी, एक लहान लाल भोपळा, आवळे, लिंबं, चिंचेचे आकडे, उसाची चार-चार इंचांची कांडी अशी ओळ मांडा. दिवाळीत हे सगळं बाजारात असतं, आणि ऊस, आवळा, चिंच तुळशीच्या लग्नालाही लागतेच. दुसऱ्या दिवशी भरली वांगी. सीताफळ घ्याल तर टणक घ्या, डोळे उकललेलं फळ रात्रीपर्यंत फुटतं. पिकलेली केळी मात्र गुलाब-कार्नेशनजवळ ठेवू नका. फळातून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ही फुलं लवकर माना टाकतात.

किल्लेदार
किल्ल्यावर जे पेरतो ते टेबलावर का नको? अळीव. एक फूट लांब, चार इंच रुंद, दीड इंच खोल असा पसरट ट्रे (जुना केकचा डबाही चालतो), तळाला इंचभर कोकोपीट किंवा चाळलेली माती. दोन चहाचे चमचे अळीव कोरडेच पसरा. भिजवायचे नाहीत. भिजवले की दाण्यांभोवती बुळबुळीत आवरण येऊन लगदा होतो आणि पसरता येत नाहीत. पाणी फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं. सातव्या-आठव्या दिवशी दीड-दोन इंचांची दाट हिरवळ. जेवायच्या आदल्या आठवड्यात वार मोजून पेरा. दहा दिवसांनंतर ती पिवळी पडून आडवी व्हायला लागते.

गहू लावायचे तर तेवढ्याच ट्रेला साधारण अर्धी वाटी, हे मात्र रात्रभर भिजवून. आठ-नऊ दिवसांत पाच-सहा इंच वाढतात, म्हणजे घटासारखे. टेबलावर उंच वाटले तर कात्रीने सपाट कापा.

तिसऱ्या दिवशी मुळांशी पांढरी लव दिसली की लोक बुरशी समजून फेकून देतात. पाणी फवारा. लव नाहीशी झाली तर ती मुळांचीच केसं. जाळ्यासारखी राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी. पाणी जास्त झालंय, हवा कमी.

बाकी अळिवाची कोवळी पानं थेट कोशिंबिरीत जातात. चव तिखटसर.

पाण्यातलीवात
दिव्यांबद्दल. पणती आदल्या रात्री पाण्यात बुडवायची हे सगळे सांगतात, पुढचं चुकतं. दिवसभर कडक उन्हात वाळवली की मातीची भोकं पुन्हा रिकामी होतात आणि तेल पिऊन टाकतात. दोन-तीन तास सावलीत, बाहेरून कोरडी आणि आतून किंचित दमट, अशी वापरा. तरीही बुडातून तेल पाझरतंच, तेव्हा खाली वडाचं पान किंवा पितळी ताटली, थेट कापडावर नाही. रंगवलेल्या पणत्यांच्या काठाचा रंग तापून वास येतो. साधी, नाहीतर काव लावलेली घ्या. सजवायचीच तर बाहेरून वारलीसारखी नक्षी: तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा भिजवलेला डिंक. डिंक नसेल तर वाळल्यावर पीठ गळून पडतं.

एक टेबलचमचा तेल साधारण दोन तास. वात काठाबाहेर पाव इंचच. जास्त बाहेर काढली की ज्योत मोठी दिसते, पण काजळी धरते. खोबरेल तेल नको, ते २४-२५ अंशांखाली गोठतं. नाशिक-नागपूरकडे दिवाळीच्या रात्री तापमान सहज त्याखाली जातं. तिळाचं वापरा.

टेबलासाठी सगळ्यात चांगला दिवा पाण्यावरचा. जाड काचेचा पेला, पाऊण भाग पाणी, वर अर्धा इंच तेल. बुचाची पातळ चकती, मध्ये भोक, त्यातून वात. चकतीखालची वात तेलाच्या थरापेक्षा आखूड हवी. ती पाण्यापर्यंत पोचली तर पाणी वर चढतं, चुरचुर आवाज येतो आणि दिवा विझतो. तेल संपलं की पाणी लागून आपोआप शांत होतो, म्हणून मुलांच्या घरात हाच बरा. पाण्यात गोकर्णाचं फूल बुडवायचं असेल तर देठाला दोऱ्याने खडा बांधा, नाहीतर ते तरंगून वातीला चिकटतं.

वाळलेली पानं, सुतळी, रवा भरलेले कागदी कोन ज्योतीपासून फूटभर लांब. आणि पंखा बंद, किंवा दिवे बंद. दोन्ही एकत्र नाही.

जर्सीकर
अमेरिकेत ओली पानं प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत, पण मेक्सिकन आणि फिलिपिनो दुकानांत गोठवलेली केळीची पानं असतात. रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या, ओट्यावर घाईने सोडवली की घडीवर फाटतात. ती मऊ आणि थोडी काळपट असतात, एकटी टिकत नाहीत. स्टीलच्या ताटात गोल कापून घाला. आंब्याची पानं नाहीत, झेंडू थंडीने गेलेला. काय वापरायचं?

चुलीमागे
तिथल्या मोसमाचं. शेवंतीच्या कुंड्या तुमच्याकडे त्याच सुमारास भरपूर येतात. कुंडी कापडात गुंडाळून तशीच ठेवा, जेवणानंतर अंगणात. मेपलची गळलेली पानं जाड पुस्तकात तीन दिवस दाबली की वळत नाहीत. छोटे भोपळे तर आहेतच. चेस्टनट मांडणार असाल तर सांभाळून: हॉर्स चेस्टनट दिसायला तसंच असतं आणि विषारी असतं. खायच्या चेस्टनटला टोकाशी बारीक शेंडी असते, हॉर्स चेस्टनट गुळगुळीत गोल. ओळख पटत नसेल तर मांडूच नका. दिवे लावाल तर धुराचा अलार्म कुठे आहे ते बघून.

आळशी_गृहस्थ
सगळं वाचलं. आठवडाभर अळीव आणि रात्रभर पळस, एवढं कोण करणार? ऑफिसातून सहाला येऊन आठला जेवण असेल तर काय?

अर्धीवाटी
पाऊण तासाचा बेत. येताना दोन केळीची पानं, अर्धा किलो झेंडू, १२ विड्याची पानं. कपाटातली सुती साडी पट्टीसारखी घडी करून मध्ये (५ मिनिटं). पानं चिरून पुसणे १५. पितळी घंगाळ किंवा खोलगट परातीत पाणी आणि झेंडू, देठ फुलाला लागून कापले की ते सरळ तरंगतात, १० मिनिटं. पाण्यावरचे तीन दिवे १०. उरलेल्या वेळात विडे: दोन-दोन पानं, गुलकंद, बडीशेप, वेलदोडा, त्रिकोणी घडी, वर लवंग. नॅपकिनवर एकेक विडा ठेवला की तोच सजावट, तोच मुखवास. विड्याची पानं आधी पुसून कोरडी करा, ओल्या पानावर लवंग टिकत नाही.

माळा ओवायच्या राहू द्या. एक मीटर दाट माळेला पन्नासेक फुलं आणि अर्धा तास लागतो. ओवाल तर सुती दोरा किंवा केळीचं सोपट, नायलॉन नको. निर्माल्यासोबत तो खतात जातो आणि तिथेच राहतो.

शिळीपोळी
नावाच्या चिठ्ठ्या? आठ जणांत कोण कुठे बसणार यावरून गोंधळ होतो.

गेरूकाव
पिंपळाच्या जाळीदार पानावर. वेळ असेल तर पानं पाण्यात तीन-चार आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलून. घाई असेल तर एक लिटर पाण्यात दोन टेबलचमचे धुण्याचा सोडा, मंद आचेवर दीड-दोन तास. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला सोडा खातो. मग ताटलीत पाण्याखाली ठेवून जुन्या मऊ ब्रशने शिरांच्या दिशेने हळू. गर सुटला नाही तर जोर लावू नका, पुन्हा उकळा. हातमोजे घाला. जाळीवर शाई पसरते, म्हणून नाव लहान कागदावर लिहून देठाला दोऱ्याने बांधा. जपून ठेवलं तर पान वर्षानुवर्षं चालतं, माणसं बदलली की फक्त कागद बदला.

खतखड्डा
आवरताना. केळीची पानं अख्खी टाकू नका, थरावर थर चिकटून हवा अडते आणि खालून आंबतं. तळहाताएवढी फाडा, आणि ओल्या थरावर तेवढाच कोरडा पाला किंवा भुसा. उष्टं, तेलकट, खारट वेगळं काढा. लोणच्याचं मीठ आणि तेल घरगुती खताला मानवत नाही. पोफळीच्या थाळ्या भिजवून मोडा, तरी महिनोन्‌महिने लागतील. पत्रावळीच्या चोया काढून घ्या, खत चाळताना बोटात घुसतात. कोरडा राहिलेला रंगीत रवा चिमण्यांना.

झेंडूची सुकलेली फुलं बियांसाठी ठेवायला हरकत नाही, पण बाजारातला टपोरा झेंडू बहुधा संकरित असतो. त्याच्या बियांतून तशीच फुलं येतील असं नाही.

शिळीपोळी
शेवटची शंका. पांढऱ्या कापडावर वरण सांडलं आणि साबण लावला तर डाग लालभडक झाला. गेलं का कापड?

खणकाठ
नाही. हळद आहे, साबणातल्या अल्कलीने लाल झाली. भरपूर पाण्याने साबण काढा, पुन्हा पिवळी होईल. लिंबू चोळून ओलंच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दिवसांत उडतो. रंगीत खणावर मात्र लिंबू-ऊन करू नका, डागाबरोबर खणही विटेल.